न भाजणारे हात

खानदेशात जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातले मित्र दोन गोष्टी विचारतात: ऊन किती होतं आणि भरीत खाल्लं का. ऊन फार होतं. भरीत हे थंडीतलं खाणं, ते मे महिन्यात कोणी करत नाही. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहायला बसलो आहे, पण पाहण्यासारख्या जागांची यादी यात मिळणार नाही. मी तिथलाच आहे. पहूरजवळच्या एका खेड्यात जन्मलो, जळगावला कॉलेज केलं. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. माझ्यासाठी ज्यांनी स्वतःची शाळा सोडली त्यांची नावं त्या पदवीच्या कागदावर नाहीत, हे मला ठाऊक आहे. या प्रवासानंतर ते जरा जास्तच ठाऊक झालं.

आधी माझ्या कामाविषयी थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी स्पर्शावर संशोधन करतो. आमच्या प्रयोगशाळेत एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक कृमी पाळलेला आहे. काडीच्या टोकाला आपल्याच पापणीचा केस चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत तो कृमीच्या अंगावरून हलकेच फिरवायचा. निरोगी कृमी मागे सरतो. काही कृमी सरत नाहीत. ते चालतात, खातात, त्यांना पिल्लं होतात, फक्त केस लागलेला त्यांना कळत नाही. अशा कृमींत कोणतं जनुक बिघडलं आहे ते आम्ही शोधतो.

त्या कृमीच्या अंगात हलका स्पर्श ओळखणाऱ्या सहाच पेशी आहेत. पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांची बनलेली अतिसूक्ष्म छिद्रं असतात. छिद्राची एक बाजू बाहेरच्या कवचाला आणि दुसरी आतल्या सांगाड्याला बांधलेली असावी, असा आमचा अंदाज आहे. कातडी दबली की दोन्हीकडून ओढ बसते, छिद्र उघडतं, मिठातला सोडियम आत घुसतो आणि पेशीत विजेची लहर उठते. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी कमी वेळात हे होऊन जातं. एक दार, थोडी ओढ, थोडं मीठ. आपण ज्याला स्पर्श म्हणतो त्याची सुरुवात एवढीच आहे. माणसाच्या बोटात हे दार कोणत्या प्रथिनाचं असतं, हे मात्र मी निघालो तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं.

आमच्या मार्गदर्शक बाईंना वाटत होतं की कृमी पाहणाऱ्याने एकदा माणसंही पाहावीत. कुष्ठरोगात माणसाचा स्पर्श क्रमाक्रमाने जातो. तो कोणत्या क्रमाने जातो हे आपल्या हाताने तपासून ये, असं त्यांनी सांगितलं. मला तिकडची बोली येते म्हणून निवड माझी झाली. नायलॉनच्या पाच धाग्यांचा एक संच त्यांनी माझ्या हातात दिला. प्रत्येक धागा एका काडीला लावलेला, एकाहून एक जाड. धागा कातडीवर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. सर्वांत बारीक धागा ज्याला कळतो त्याचं बोट शाबूत. तो संच मी शर्टाच्या खिशात ठेवला आणि मला फार मोठं काम मिळालं आहे असं समजून निघालो.

जळगाव

स्टेशनवर चौधरी नाना लूना घेऊन उभे होते. कुष्ठरोगाच्या सरकारी कामात त्यांची सगळी नोकरी गेलेली, निवृत्तीला थोडे महिने उरलेले. अंगाने काटकुळे, डोक्याला ओला पंचा बांधलेला. सकाळचे नऊ वाजले होते आणि लूनाची सीट आत्ताच चटके देत होती.

नानांचं घर पिंप्राळ्यात. दोन खोल्या, पुढे पत्रा. काकूंनी कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल असं ताटात वाढलं. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. पुण्यात मी किती वर्षं त्याच्या आठवणी काढतो, पण तिखट सहन करायची सवय गेलेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे नाना हसले.

"पुण्याचं पाणी लागलं भो तुला. बरं, तुमच्या त्या किड्याला विचारता कसं, लागलं का म्हणून?"

"विचारत नाही नाना. त्याला लागलं की तो मागे सरतो."

"मग तो बरा. आमची माणसं सरतच नाहीत, तिथेच घोटाळा आहे."

जेवण झाल्यावर त्यांनी आपली पिशवी दाखवली. कापसाचा बोळा, एक टाचणी आणि दोन काचेच्या नळ्या. एकीत गार पाणी भरायचं, एकीत गरम. "आधी हे जातं," गरम पाण्याची नळी हलवत ते म्हणाले. "ऊन-गार कळायचं पहिलं जातं. मग हलका स्पर्श, मग दुखणं. माणूस डॉक्टरकडे येतो तो जखम सडल्यावर. तोवर तो म्हणतो, मला काही होत नाही. खरंच काही होत नसतं त्याला."

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. जंतू मज्जातंतूच्या वेष्टनातल्या पेशींत घर करतो, शरीर त्याच्याशी झुंजतं आणि त्या झुंजीत तंतूच सुजून चेमटतो. बारीक तंतू आधी मरतात, आणि उष्णतेची जाणीव वाहून नेणारे तंतू बारीक असतात. पुस्तकातलं मी नानांना सांगितलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "असेल. आम्ही फक्त गेलेलं मोजतो."

पहूर

पहूरला दोन दिवस आम्ही आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर बसलो. औषधं पूर्ण घेतलेली माणसं एकेक करून येत. केळीच्या बागेत पाणी भरणारे, कापूस वेचणाऱ्या बायका. मी त्यांना डोळे मिटायला सांगे, धागा टेकवी आणि विचारी, "लागलं का?"

"लागलं."

"आता?"

"लागलं ना."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी वही भरली आणि मी हरखून गेलो. ज्यांची बोटं आखडलेली, ज्यांच्या तळव्यांवर जुन्या जखमांचे वण, त्यांनाही बारीक धागा कळत होता. पुस्तकं चुकली, असं काहीतरी बाईंना लिहायचं मी मनात जुळवत होतो. नाना ओट्याच्या कडेला बिडी ओढत बसले होते. ते उठून आले आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या आबांना म्हणाले, "आबा, मिटा डोळे." मला त्यांनी खुणेनेच हात मागे घ्यायला लावला. कोणी त्या माणसाला शिवलं नाही.

"आबा, लागलं?"

"लागलं."

"आता?"

"हो, लागलं."

मग नानांनी डोळे उघडायला सांगितलं आणि विचारलं, "आबा, कोणी हात तरी लावला का तुम्हाला? मग हो कशाला म्हणता?"

आबा ओशाळले. माझ्याकडे बघत म्हणाले, "पोरगं इतक्या लांबून आलं, उन्हातानात बसलंय. घडीघडी इचारते, लागलं का म्हनून. त्याले नाही कसं म्हनू?"

वहीतल्या दोन दिवसांच्या पानांवर मी तिरकी रेघ मारली. आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. लहानपणापासून मला हे माहीत होतं आणि खिशात संच आल्यावर मी ते विसरलो. नाना म्हणाले, "हो-नाही विचारलंस की संपलं. विचारू नको. कुठे लागलं तिथे बोट ठेव म्हणायचं. बोट खोटं बोलत नाही."

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी माणसं डोळे मिटून थांबत, बोट हवेत धरत आणि ते कुठेच ठेवत नसत. संध्याकाळी माझी वही रिकाम्या गोलांनी भरलेली होती, न कळलेल्या प्रत्येक जागेला एक गोल.

मुक्ताईनगर

मुक्ताईनगरला लोक अजून जुन्या सवयीने एदलाबाद म्हणतात. तिथे भर दुपारी पोचलो. चहूकडे केळीच्या बागा असल्यामुळे डोळ्यांना गार वाटतं, पण ते तेवढंच. कामाला सुरुवात करण्याआधी मुक्ताईचं दर्शन घ्यावं म्हणून चपला काढून निघालो. फरशी तव्यासारखी तापलेली. सगळेच उड्या मारत सावली गाठत होते. शहरी कपड्यांतला एक जाडा गृहस्थ इतक्या घाईने पळाला की त्याची टोपी मागे पडली आणि ती उचलायला परत यायची त्याची हिंमत होईना. बायका हसत होत्या, मीही हसलो.

त्या गर्दीत एक बाई सावकाश चालत गेली. चाळिशीची असेल. तांब्या हातात, पदर डोक्यावर, पावलं अगदी शांत. बाजूची एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "पहा, भक्ती असावी तर अशी. मुक्ताई चटका लागू देत नाही."

नाना सावलीत माझ्याजवळ आले. त्यांनी त्या बाईला नमस्कार केला, नाव-गाव विचारलं आणि उद्या केंद्रावर यायला सांगितलं. ती हो म्हणून निघून गेली. नाना पंचाने मान पुसत म्हणाले, "सगळे नाचत असले ना, की जो नाचत नाही त्याच्याकडे बघायचं. एवढंच शिकलो मी नोकरीत."

ते बोलत होते तोवर मला माझ्या अक्काचे हात दिसायला लागले होते.

धुळ्याची वाट

अक्का माझी मोठी बहीण. मला शाळेत पहिल्या दिवशी तीच हात धरून घेऊन गेली. ती स्वतः चौथीनंतर गेली नाही, कारण आई शेतात असताना मला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. धुळ्याजवळ पांझरेच्या काठच्या एका गावात तिला दिली. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, अक्काचंही लिहीत नाही. लिहू का, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "लिख. पुनाना लोके मन्हाकडे मांडा खावाले थोडाच येतीन?"

मांडे हे आमच्याकडचं मानाचं जेवण. गव्हाच्या सैल पिठाच्या उंड्यात पुरण भरायचं. लाटणं नाही. उंडा दोन्ही हातांच्या पाठीवर झेलत झेलत पातळ करायचा, तो कोपरापर्यंत पसरतो, आणि मग तो चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. दोन-चार क्षणांत उलटायचा आणि धोतरासारखी घडी घालून उचलायचा. ही घडी बोटांनीच घालावी लागते. मांडे करणाऱ्या बायका शेजारी पाण्याचं भांडं ठेवतात आणि दर घडीला बोटं त्यात बुडवतात. अक्काच्या शेजारी भांडं नसे. तिचे मांडे म्हणून इतके भराभर होत आणि कोरडे, अखंड उतरत. पाच-दहा गावांत लग्नाची तारीख धरताना आधी तिला विचारत. ती मोकळी आहे ना, मग काढा मुहूर्त.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी हॉस्टेलचे दोन मित्र तिच्या गावी घेऊन गेलो होतो. तिथे लग्न होतं. मी मित्रांना म्हणालो, गंमत बघा, आणि अक्काला खापरावर हात टेकवायला सांगितला. तिने टेकवला. मित्र आकडे मोजत होते. ती माझ्याकडे बघून हसत होती, कारण माझी मान ताठ झालेली तिला दिसत होती. मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी एम.एस्सी. झालो, स्पर्शावर काम करायला लागलो. केस लागूनही मागे न सरणारे कृमी शेकड्यांनी वेचून वेगळे काढले. तीन वर्षांपूर्वी तिच्या हातचा मांडा खाताना तिच्या बोटावरचा फोड पाहिला आणि विचारलंसुद्धा नाही.

मुक्ताईनगरहून धुळ्यापर्यंतचा एस.टी.चा प्रवास मी काही लिहू शकत नाही. पारोळ्याच्या पुढे बोली बदलते एवढं आठवतं. कंडक्टर एका बाईला "बठ्ठा सामान मव्हरे सरकाव", म्हणजे सगळं सामान पुढे सरकव, म्हणत होता आणि ती म्हणत होती की सामान नाही, सासू आहे. सगळी गाडी हसली. दुसऱ्या दिवशी केंद्रावर त्या बाईची तपासणी उरकून नाना माझ्याबरोबर आले होते. मी त्यांना अक्काबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एकच प्रश्न केला.

"करंगळी सरळ आहे का तिची?"

मला आठवेना. ज्या हाताने मला वाढलं त्याची करंगळी सरळ आहे की नाही हे मला सांगता येईना.

पांझरेच्या काठी

गावात लग्नच होतं, दुसऱ्या दिवशीचं. मांडवामागे पाच चुली पेटलेल्या, पाच खापरं. भोवती बायकांचा गलका. अक्का मधल्या चुलीशी बसली होती. धूर, घाम, कोपरापर्यंत पीठ. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"कधी उना रे भाऊ? कागद तरी टाकाना व्हता. बस, पह्यले जेव, मंग बोलूत."

तिची सासू, जिला सगळे जिजी म्हणतात, नानांना पाट देत म्हणाली, "पहा साहेब, मन्ही सून. हातले आग लागत नही. बठ्ठा धुये जिल्हामा अशी बाई नही."

नानांनी मान हलवली. आमरस, मांडे, रशी असं ताट आलं. रशी म्हणजे पुरणाच्या डाळीच्या पाण्याची झणझणीत आमटी. मी जेवत नव्हतो, तिचे हात बघत होतो. उजवी करंगळी आत वळलेली होती, फार नाही, कप धरताना वळते तेवढी. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोल गेला होता. तर्जनीच्या टोकाला काळी खपली होती. नानांनी हे सगळं माझ्या आधी पाहिलं असणार. ते खाली मान घालून रशी भुरकत होते.

तिसऱ्या प्रहरी अक्का घरी आली. ओसरीत आम्ही चौघंच होतो. माझ्या अभ्यासाचं काम आहे, तुझा हात तपासतो, एवढंच मी सांगितलं. तिला आनंद झाला. भावाच्या अभ्यासात आपला हात, म्हणून तिने तो लुगड्याला दोनदा पुसला आणि पुढे केला.

"डोळे मीट अक्का. लागलं की तिथे बोट ठेव."

बारीक धागा करंगळीवर टेकवला. मग अनामिकेवर. मग तळव्याच्या कडेला. दुसरा धागा घेतला, तिसरा घेतला. चौथा घेतला. पाचवा इतका जाड होता की वाकताना कातडीत खड्डा पडत होता. अक्का डोळे मिटून शांत बसली होती. चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा भाव.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सुरू कर ना भाऊ. कितला येळ लावस?"

मी नानांकडे पाहिलं. नाना उठून तिच्या बाजूला बसले. तिचं कोपर हातात घेऊन त्यांनी आतल्या अंगाने बोट फिरवलं. माझं बोट तिथे नेऊन ठेवलं. कातडीखाली दोरखंडासारखा जाड, टणक तंतू लागला. दंडावर, पोलक्याच्या बाहीखाली, फिकट चट्टा होता. अक्का म्हणाली तो जुना आहे, त्याला काही होत नाही.

"हात भाजत नाही हे कधी कळलं ताई?" नानांनी विचारलं.

"सात-आठ वरीस व्हयनात. पह्यले माले भ्याव वाटनं. मंग बठ्ठा बाया म्हनाले लागन्यात, देवनी देनगी शे. मी बी म्हनं, व्हई."

नानांनी तिला रोगाचं नाव सांगितलं. त्यांनी ते हळू आणि स्पष्ट सांगितलं, आडपडदा न ठेवता. औषध आहे, दर महिन्याला केंद्रावरून मिळेल, दोन वर्षं एकही दिवस चुकवायचा नाही. अंग थोडं काळवंडेल. जंतू मरतील, कोणाला लागण होणार नाही. जिजी कपाळाला हात लावून बसली.

"आनि हात?" अक्काने विचारलं. तिने नानांना नाही, मला विचारलं.

मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. पेशीच्या आवरणात दारं असतात, दाबलं की ती उघडतात, असं मी सांगायला लागलो. मला वाटतं मला तेवढंच सांगता येत होतं. तिने नीट ऐकलं.

"मंग मन्हा हातना दारं बंद व्हयनात का?"

"दारं नाही अक्का. दारापासून आत जाणारी तारच गेली."

"ती जोडतस का तुमना पुनामा?"

"नाही."

"मंग तुन्ही विद्यामा काय शे?"

ती रागावून विचारत नव्हती. एवढी वर्षं मी कशासाठी घरापासून लांब आहे, हे तिला कधी कोणी समजावलंच नव्हतं. मी म्हणालो, अजून शोधतो आहोत. ते खोटं नव्हतं. पण माणसाच्या बोटातलं ते दार उद्या सापडलं, त्याचा एकूण एक अणू मोजून झाला, तरी तिच्या करंगळीला त्याचा काही उपयोग नव्हता. माझ्या ज्ञानाचा तिला उपयोग व्हायचा एकच क्षण होता. तेव्हा आम्ही आकडे मोजत होतो.

नाना म्हणाले, "जे गेलं ते गेलं. राहिलंय ते राखायचं. आता खापराजवळ बसायचं नाही ताई. डोळ्यांनी बघून वस्तू धरायची, फडकं घेऊन धरायची. नाहीतर बोटं जातील."

अक्का मग उठली आणि आमच्यासाठी चहा ठेवायला गेली. चहाचं पातेलं उतरवायच्या आधी ती थांबली आणि तिने पदर हाताला गुंडाळला. तो तिला नीट गुंडाळता येईना. सवय नव्हती.

जिजी दबक्या आवाजात म्हणाली, "गावले काय सांगाना? मी म्हनसू, सूनले नवस शे, खापरले हात लावाना नही."

"देवना नावखाले खोटं नको जिजी," आतून अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत असताना शेजारच्या गावची एक बाई आली. हातात हळदकुंकू आणि सुपारी. मांडे करणारीला आमच्याकडे असं रीतसर बोलावतात, सुपारी घेतली की शब्द दिला. बाई ऐसपैस बसली.

"सोमवारनी हयद शे, मंगयवारनं लगीन. तू शे म्हनीसन तारीख काढी. ले सुपारी."

"माले जमाव नही वैनी."

बाईला वाटलं थट्टा चालली आहे. "जमाव नही म्हंजे? काय दुखस तुन्हं?"

"काही दुखत नही."

"मंग?"

अक्काने सुपारी तिच्याकडे परत सरकवली. बाईने घरभर नजर फिरवली. खुंटीला टांगलेली माझी बॅग, माझे बूट, खिशातलं पेन, सगळं तिने पाहून घेतलं आणि तिला जे समजायचं ते समजलं.

"आस्सं. भाऊ साहेब व्हयना म्हनीसन आते खापरले हात लावानी लाज वाटस का? मोठा लोकेस्ना वारा लागना."

मी पुढे झालो. काय सांगणार होतो ते मलाच माहीत नाही. अक्काने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी जागीच थांबलो.

"हा," ती त्या बाईला म्हणाली. "तेच समज."

बाईने सुपारी उचलली, कुंकवाच्या करंड्याचं झाकण लावलं आणि जाताना उंबऱ्यावरून म्हणाली, "गाव काही तुन्हावर अडेल नही." नंतर गल्लीत तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. संध्याकाळपर्यंत हे सगळ्या आळीला कळलं असणार, आणि पुढच्या आठवड्यात त्या पाच-दहा गावांना. तिच्या रोगाचं नाव कोणाला कळलं नाही. माझ्या पदवीचा घरच्यांना झालेला पहिला उपयोग हा.

जिजी भिंतीला टेकून मुक्याने रडत होती. अक्का म्हणाली, "रडू नको. गोया लेसू ना मी." गोळ्या घेईन, म्हणाली, आणि माझ्यासाठी डब्यात शिळे मांडे बांधायला बसली. ते आदल्या दिवशीचे, तिच्याच हातचे होते. तिचे शेवटचे.

नाना आदल्या गाडीने जळगावला गेले होते. मला धुळ्याच्या स्टँडवर सोडायला अक्का आली. पुण्याची गाडी लागली, मला खिडकी मिळाली. ती खाली उभी राहिली. आम्ही थोडं बोललो. केंद्राची तारीख विसरू नको, मी म्हणालो. तू उन्हात फिरू नको, ती म्हणाली. 

ड्रायव्हर चढला तसा तिने खिडकीतून हात आत घातला आणि माझा हात धरला. शाळेत नेताना धरायची तसा, मनगटाच्या खाली, घट्ट. घट्ट आहे हे मला कळत होतं. गाडी हलायला लागली. अक्काने मान वर करून बघितलं, हात अजून धरलेला आहे का ते. मग सोडला.